आईची रजा

आईचा आवाज गेला तेव्हा घरात दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. सीमाभागातल्या वडगावातलं आमचं घर म्हणजे पुढच्या सोप्यात दोन माग आणि मागं जी जागा उरली तीत आम्ही तिघं. माग सकाळी सातला सुरू व्हायचे आणि आम्ही झोपेपर्यंत खडखडत राहायचे. मध्येच वीज गेली तर तेवढीच कानांना उसंत. त्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसायचा, म्हणून आमच्या गल्लीत सगळेच हातांनी बोलत. दोन बोटं ओठाला लावली की चहा, पाची बोटं जुळवून तोंडाकडं नेली की जेवण, दोन चिमट्या एकमेकींपासून ओढल्या की धागा तुटलाय. आई कंग्राळीच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर तिला वाटत होतं की सासरची माणसं आपल्यावर रागावलीत, कारण तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. पुढं तिला ही हातांची बोली इतकी अंगवळणी पडली की मागाच्या एका बाजूला आप्पा आणि दुसऱ्या बाजूला ती, असं उभं राहून दोघं भांडतसुद्धा. आप्पांनी हात झटकून पाठ फिरवली की भांडण संपलं असं समजायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. माग थांबले. आप्पा कपाळाचा घाम पुसत आत आले आणि म्हणाले, "आज कशाची आमटी?" आईनं तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. तिनं पुन्हा जोर लावला, गळ्याच्या शिरा ताणल्या, तरी तेच. "कधीपासनं हे?" त्यांनी विचारलं. तिनं दोन बोटं वर केली. "दोन दिस? आणि तू शाळंला जातीयास?" आईनं मान हलवली आणि पातेल्यातली आमटी ढवळायला लागली.

आई आमच्याच भागातल्या मराठी शाळेत मास्तरीण होती. शाळेच्या दोन्ही अंगांना मागांची घरं, त्यामुळं खिडक्या लावल्या तरी खडखडाट आत यायचाच, आणि लावल्या तर उन्हाळ्यात मुलं भाजून निघायची. वीस-बावीस वर्षं त्या आवाजाच्या वर आपला आवाज चढवून ती शिकवत आली होती. कॅम्पातल्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि सांगितलं की आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. दोन महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं जास्त ताण येतो. पाळलंत तर आवाज येईल, नाही पाळलंत तर जो काही राहिलाय तोही जाईल. आईनं पर्समधून पेन्सिल काढून त्यांच्याच कागदावर लिहिलं, "शाळा?" डॉक्टर म्हणाले, "रजा घ्या की बाई. शाळा कुठं पळून जाते?"

ती रजा घेईना. आप्पा रागावले, समजावून थकले, शेवटी हात झटकून मागाकडं गेले. मला त्या वेळी आईचा तो हट्ट कळला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात मला काही रसही नव्हता. मी पीयूसीला, म्हणजे बारावीला, इंग्रजीत नापास होऊन घरी बसले होते. सकाळी उठायचं, कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या छोट्या नळीवर सूत गुंडाळायचं, दुपारी झोपायचं, आणि पुन्हा परीक्षेला बसायचा विषय निघाला की डोकं दुखतंय म्हणायचं. अशा मला आईनं एका सोमवारी धुतलेली साडी काढून दिली आणि पाटीवर लिहून दाखवलं, "चल. तू बोलायचं."

हेडमास्तर भले गृहस्थ होते, निवृत्तीला टेकलेले, कुणाच्या अध्यात नसणारे. ते म्हणाले, "बाई, हे काही नियमात बसत नाही. पण चार दिवस चालवू या. वरून कोणी आलं तर मात्र मी काय सांगू?" आईनं हात जोडले. अशी मी आईचा आवाज झाले.

मला माझ्या आईची शिकवायची पद्धत तेव्हाच पहिल्यांदा दिसली. एरवी मी तिला पाहत होते ती संध्याकाळची, पाय पसरून भिंतीला टेकलेली, पदरावर खडूची भुकटी, घोटे सुजलेले. पाचवीच्या वर्गात बावन्न मुलं होती. सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येकानं काय खाऊन आलो ते सांगायचं आणि आईनं ते फळ्यावर लिहायचं. भाकरी आणि खर्डा, शिळा भात फोडणीचा, चहा-बटर, आंबील. कच्च्या मुलांचं वाचन त्या फळ्यावर व्हायचं, कारण आपण खाल्लेलं अक्षर कुणी विसरत नाही, असं तिचं म्हणणं. त्याच फळ्यावर शेजारी कानडीत तोच शब्द यायचा. आणि ज्याला सांगण्यासारखं काही नसायचं, तो दुसऱ्याचं ऐकून तेच सांगायचा, तेव्हा ती लिहून घ्यायची आणि मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यासमोर ठेवून दुसरीकडं बघायची. मुलांच्या वहीत चुकलेलं उत्तर खोडायला तिची बंदी होती. चुकलेलं राहू द्यायचं, शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे आपण कुठून कुठं आलो ते दिसतं. आणि एखादं मूल उभं राहून वाचायला लागलं की ते बुजू नये म्हणून ती त्याच्याकडं पाठ करून खिडकीतून बाहेर बघत उभी राहायची. मी पहिल्या दिवशी मुलांकडं बघत उभी राहिले, तर तिनं माझा दंड धरून मला वळवलं.

तिनं फळ्यावर लिहायचं, खुणा करायच्या, आणि मी ते मोठ्यानं सांगायचं. दुसऱ्या आठवड्यात मुलांना माझी गरज उरली नाही. निम्मी मुलं मागाच्या घरांतली, त्यांना हातांची बोली जन्मापासून येत होती. उरलेल्यांना त्यांनी शिकवली. आई दोन्ही तळवे जमिनीकडं दाबायची आणि बावन्न मुलं खाली बसायची. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण खरं म्हणजे मला नुसता कंटाळा यायचा. पाय दुखायचे, घसा सुकायचा, संध्याकाळी आईसाठी ज्येष्ठमध उकळताना त्यातलं अर्धं मीच प्यायचे. रात्री अंग टाकलं की डोळ्यांसमोर बावन्न तोंडं यायची. इतकं करून या मुलांचं होणार काय, तर मुलगे मागावर आणि मुली कांडीवर. मग हे सगळं कशासाठी, हे मी आईला विचारलं नाही, कारण तिला उत्तर लिहायला लागलं असतं आणि मला ते वाचायला.

पुढं मीही मास्तरीणच झाले. मागच्या वर्षी शिक्षकीचं शिक्षण घेणारी एक मुलगी माझ्याकडं छापील प्रश्न घेऊन आली होती. आपण शिक्षकी पेशात का आलात, आपली ध्येयं कोणती, आपली अध्यापन पद्धत कोणती, असे तीन रकाने होते. मी तिला चहा दिला आणि समाजसेवा, विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास वगैरे जे लिहायचं ते लिहून दिलं. ती खूश होऊन गेली. खरं उत्तर त्या रकान्यात मावणारं नव्हतं, आणि मला एवढं बोलायचं त्राणही नव्हतं. ते आता इथं लिहिते.

वर्गात सरस्वती नावाची एक मुलगी होती, सगळे तिला सरू म्हणत. फार हुशार नव्हती. गणितात तर अडखळायचीच. पण तिला वाचायचं वेड होतं. पुडीचा कागद, भिंतीवरची जाहिरात, बसवरची कानडी पाटी, जे दिसेल ते ती बोट ठेवून वाचायची, आणि कळलं नाही की आईच्या पदराला धरून विचारायची. तिसऱ्या आठवड्यात सरू यायची थांबली. एक दिवस, दोन दिवस. शेजारच्या पोरीनं सांगितलं, "तिची आई बाळंत झालीया. कांड्या भराय कोण न्हाई. तिचे वडील म्हणले आता शाळा बास." आईनं ते ऐकलं आणि हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवून दिला. त्या दिवशी संध्याकाळीच ती सरूच्या घरी जाणार होती. पण दुपारीच वरचे साहेब आले आणि ते जाणं राहून गेलं.

साहेब वाईट नव्हते, हे मला आवर्जून लिहायला हवं. वर्गात येऊन मागं उभे राहिले, आईचं हातांनी शिकवणं बराच वेळ बघत राहिले, एका मुलाची वही उघडून पाहिली. मग माझ्याकडं बोट करून हेडमास्तरांना विचारलं, "इवरु यारु?" म्हणजे ही कोण. हेडमास्तरांनी नुसतं आईकडं बघितलं. बाहेर व्हरांड्यात नेऊन साहेब आईला मोडक्या मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही चांगलं करता. पण नेमणूक नसलेला माणूस वर्गात, आणि शिक्षकाला आवाज नाही. उद्या काही झालं तर मी काय लिहू?" दोन दिवसांनी रजेचा आदेश आला, कानडीत. आईनं एकेका ओळीवर बोट ठेवून तो वाचला आणि घडी घालून पोळपाटाखाली ठेवला. तिचा वर्ग सहावीच्या वर्गात नेऊन बसवला. शंभरावर मुलं एका खोलीत, आणि एक गुरुजी.

रजेत तिनं आराम करावा असं आप्पांना वाटत होतं. ती दोन दिवस घरात फिरत राहिली. डबे पुसले, चादरी धुतल्या, तांदूळ निवडून झाले तर पुन्हा निवडले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं चपला घातल्या आणि मला खूण केली. आम्ही सरूच्या घरी गेलो.

चार गल्ल्या पलीकडं त्यांचं घर. दार उघडंच होतं आणि आत तीन माग एकदम चालले होते. सरूचे वडील परशुअण्णा दोन मागांच्या मध्ये उभे, बाजेवर सरूची आई बाळाला घेऊन टेकलेली, आणि कोपऱ्यात सरू कांड्या भरत बसलेली. तिनं आईला बघितलं आणि तिचा हात थांबला. सूत चाकावरनं सुटलं. परशुअण्णांनी आमच्याकडं बघून हात जोडले आणि धोट्याकडं बोट दाखवलं, म्हणजे काम थांबवता येत नाही. आई पुढं गेली आणि हातांनी बोलायला लागली.

तसं बोलणं मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. बाहेर ती मुकी झाली होती, पण त्या खोलीत ती कुणाहून कमी नव्हती. तिनं सरूकडं बोट केलं, पुस्तक उघडल्यासारखे तळवे केले, दोन बोटं दाखवली, म्हणजे सातवीला दोनच वर्षं राहिलीत. परशुअण्णांनी बाजेकडं हात केला, मग तीन मागांकडं, मग स्वतःच्या छातीकडं, म्हणजे मी एकटा. आईनं मला समजतंय म्हणून मान डोलावली आणि पुन्हा दोन बोटं दाखवली. परशुअण्णांनी मान नकारार्थी हलवली. असं पाच-सात वेळा झालं असेल. मग अचानक वीज गेली आणि तिन्ही माग धडधडत थांबले.

एवढी शांतता झाली की बाळाचं चोखणं ऐकू यायला लागलं. परशुअण्णा कपड्यानं हात पुसत म्हणाले, "आता बोला बाई. बसा की." आईनं माझ्याकडं बघितलं. मी घसा साफ केला आणि जे सगळे म्हणतात ते म्हणाले, की मुलगी शिकली तर तिचं भलं होईल, चार माणसांत किंमत राहील, पुढंमागं नोकरी लागेल.

परशुअण्णा हसले. रागानं नाही, थकल्यासारखे. "तू शिकलीस न्हवं पीयूसीपत्तोर? आणि मास्तरणीची लेक तू. मग घरात काय करतीस? कांड्याच भरतीस की गं."

कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सरू माझ्याकडं बघत होती आणि मला तिच्याकडं बघवेना. मी आईचा हात धरला, चल म्हणून. आईनं तो सोडवून घेतला आणि तोंड उघडलं.

"परशुराम," ती म्हणाली. तो तिचा आवाज नव्हता. जुना दरवाजा फरशीवरनं ओढत न्यावा तसा काहीतरी घासल्याचा आवाज होता तो. मी ओरडले, "आई, बोलू नको!" तिनं हात वर करून मला गप्प केलं.

"ही पोटात होती तेव्हा मी रजेवर गेले," माझ्याकडं न बघता ती म्हणाली. "तीन महिने. माझ्या जाग्यावर कुणी आलं न्हाई. परत आले तर वर्गातल्या सहा पोरी न्हवत्या. शेवंता. हौसा. पारू. चंद्रव्वा. सुमन. थोरली लक्ष्मी." मधे मधे श्वास घेत, एकेक नाव ओढून काढत ती सांगत होती. "घरोघर गेले. सगळ्या कांडीवर बसलेल्या. कुणाच्या आईबापानं परत पाठवलं न्हाई. एकजण तर मला म्हणाली, बाई, तुमी आला नाहीसा म्हणून माझी शाळा गेली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती." ती थांबली. गळ्यावर हात ठेवला. "आता माझा घसा गेला म्हणून हिला सोडू?"

बाजेवरनं सरूची आई म्हणाली, "अवो, बाईंस्नी पाणी तरी द्या." परशुअण्णांनी स्वतः उठून तांब्या आणला. आईला ते पाणी गिळवलं नाही. तांब्या परत घेत परशुअण्णा म्हणाले, "सकाळची पाठवतो. जेवणाच्या सुट्टीपत्तोर. दुपारनं मात्र मला ती पायजे. त्याच्यापरीस जास्त माझ्याच्यानं हुणार न्हाई बाई." आईनं हात जोडले. सरूनं सुटलेलं सूत पुन्हा चाकाला लावायला घेतलं. एवढंच झालं.

वाटेत मी रडत होते, रागानं. एवढा आवाज घालवून अर्धीच शाळा मिळाली याचा राग, आणि त्या सहा जणींचा. अठरा वर्षं मी त्या घरात वाढले आणि माझ्या जन्माच्या हिशेबात सहा मुली धरलेल्या आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग मी झाले हे तुला चुकल्यासारखं वाटतं का?" आईनं चालता चालता माझ्या पाठीवर जोरात एक धपाटा घातला. मला लहानपणी सुद्धा तिनं कधी मारलं नव्हतं. मग तोच हात पाठीवर ठेवून ती घरापर्यंत चालत आली.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. आईचा आवाज परत आला नाही. जो आला तो तसाच, घासलेला. पुढची सगळी वर्षं तिनं त्याच आवाजात शिकवलं, आणि नंतरच्या मुलांना वाटायचं की बाई पहिल्यापासून अशाच बोलतात. मी पुन्हा परीक्षेला बसले, मग टीसीएच हा शिक्षकीचा कोर्स केला आणि खानापूरकडच्या एका शाळेत लागले. कुणी विचारलं तर मी म्हणते की आईचा आदर्श होता. तसं काही नव्हतं. परशुअण्णांना देण्यासारखं उत्तर माझ्यापाशी नव्हतं आणि ते असावं असं वाटत होतं, एवढंच. माझ्या नोकरीतही मुली गळाल्या. दोघी-तिघींच्या घरी गेले. बऱ्याच जणींच्या घरी जायचं राहून गेलं, कारण बस चुकेल, कारण जनगणनेची कामं, कारण मीही दमलेली असायचे. आता आईची ती मराठी शाळाच दुसऱ्या शाळेत मिसळलीय. मुलं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या आयांना मी दोष देत नाही.

सरू सातवी पास झाली. अर्ध्या दिवसाच्या शाळेत, गणितात कशीबशी, पण झाली. दाखला मिळाला त्या दुपारी ती आणि परशुअण्णा आमच्या घरी आले. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. "बाई, ह्यात काय लिवलंय ते वाचा की," म्हणून त्यांनी कागद आईपुढं धरला. दाखला कानडीत होता. आईनं तो सरूच्या हातात दिला आणि आपण भिंतीशी जाऊन बसली. सरूनं वाचायला सुरुवात केली, पहिल्यांदा कानडीत, मग मराठीत सांगत. तिचं नाव, वडलांचं नाव, गाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. परशुअण्णा मान खाली घालून ऐकत होते. तिचं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आजून येकदा वाच." तिनं पुन्हा वाचलं. मग त्यांनी कागदाची घडी खिशात घातली, पेढ्यांचा पुडा आईपुढं ठेवला आणि दोघं निघून गेले. सोमवारपासून सरू दिवसभर कांडीवर बसणार होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि आईनंही त्याबद्दल काही विचारलं नाही.

ते गेल्यावर ती तिथंच सतरंजीवर आडवी झाली. दुपारची आई कधी झोपत नसे. मी घाबरून जवळ गेले, कपाळाला हात लावला. "बरं वाटत नाही का?"

"दमले गं," ती म्हणाली.

असं म्हणताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिच्या अंगावर लुगडं टाकलं, आणि ती उठेपर्यंत शेजारी बसून राहिले.